शकुनाची साखर

मला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा स्वतःचाच यावर विश्वास राहिला नाही.

सत्त्याण्णवचा उन्हाळा. अखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. आमच्या पिंप्राळ्यात भाईदासभाऊंनी आपल्या मेडिकलबाहेर पाटी लावली : 'नवीन मशीनवर रक्तातील साखर मोफत तपासून मिळेल. उपाशीपोटी यावे.' मोफत म्हटल्यावर मी घरी बसणं शक्यच नव्हतं (जिल्हा परिषदेत क्लार्क आहे, सवय लागते).

निघताना आमच्या कमलने अडवलं. "अहो, रक्ताचं काम आहे. तसेच काय निघालात?" आणि माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली. परीक्षा असो, मुलाखत असो, आमच्या घरातून दही-साखरेशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. मी बोटाने कालवली, चाटली, हात रुमालाला पुसला आणि स्कूटरला किक मारली.

"उपाशी आहात ना?" भाईदासभाऊंनी विचारलं.

"कडकडीत!" (शकुन म्हणजे काही खाणं नव्हे.)

त्यांनी माझ्या बोटाला टोचलं. मशीन नवीन, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष मशीनकडे. बोटाकडे कोणाचंच नाही. आकडा उमटला आणि भाऊंचा चेहरा उतरला.

"साहेब, तीनशे ऐंशी! तहान फार लागते का?"

"लागते." (वैशाखात जळगावात तहान न लागणारा माणूस मला दाखवाच.)

"थकवा?"

"ऑफिसात पोचलो की येतो."

"म्हणजे लक्षणं आहेतच. डॉक्टरांना दाखवा. आणि गोड एकदम बंद!"

डॉक्टरांची मला भीती वाटते, म्हणून मी फक्त गोड बंद केलं. पण दोनच दिवसांवर अखाजी! जावयाने अखाजीला सासरी जायचं ते आमरसासाठी आणि खापरावरच्या पुरणपोळीसाठी. सासऱ्यांशी बोलायला बाकीचं वर्ष आहेच.

सासरी, अमळनेरला, बातमी माझ्या आधीच पोचली होती. पंगत बसली. सासूबाई, द्रौपदाबाई, रसाचं पातेलं घेऊन आल्या आणि माझ्या ताटापाशी थांबल्या.

"जवाईबापू, तुम्हनासाठे कारलानी भाजी करेल शे. पोटभर खा."

"आई, चमचाभर रस..."

"नही रे बाप्पा! आम्हनी पोर शे तुम्हना घर!" (म्हणजे त्यांची मुलगी माझ्या घरात आहे; काळजी माझी नव्हे, तिची.)

मेहुणा चुडामण वाटीला तोंड लावून रस प्यायला. मी कारलं चावत त्याच्याकडे बघत राहिलो. मला खरोखर रडू आलं. निघताना सासूबाईंनी आंब्यांची पाटी दिली, पण ती कमलच्या हातात.

आठ दिवस कारलं, मेथी आणि बिनसाखरेचा चहा. पँट ढिली झाली. मग पुन्हा तपासायला निघालो, तर दारात कमल दही-साखर घेऊन उभी!

"अगं, मला साखर बंद आहे ना?"

"शकुनाची साखर बाधत नाही. हात पुढे करा."

केला. मशीनवर आकडा आला चारशे दहा!

मी काउंटरलगतच्या बाकावर बसून हिशोब मांडला. गोड खाल्लं तेव्हा तीनशे ऐंशी, कारलं खाल्लं तर चारशे दहा. म्हणजे कारल्यात साखर असते? भाईदासभाऊ मशीन उलटसुलट करून बघत होते. मी हात काउंटरवर टेकवून देवाचं नाव घेत होतो. तिथे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीभोवती मुंग्यांची रांग होती. ती रांग बाटली सोडून वळली आणि सरळ माझ्या बोटावर चढली.

भाऊ मुंग्यांकडे बघत राहिले. "साहेब, हाताला काय लावलंय?"

"काही नाही. शकुन."

त्यांनी मला नळाखाली हात साबणाने धुवायला लावले, पुसायला लावले आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. आकडा आला ब्याण्णव.

"एकदम नॉर्मल! तुम्हाला काही झालेलंच नाही!"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "भाऊ, घरी सासरच्या आंब्यांची पाटी आहे. आता जातो आणि पहिला रस काढायला लावतो!"

भाईदासभाऊंनी मशीन डब्यात ठेवलं. मग हळूच मिशी पुसत म्हणाले, "म्हणजे... वहिनींनी तुम्हाला सांगितलं नाही? तुम्हाला चालत नाहीत, वाया जायला नकोत, म्हणून ती पाटी त्यांनी आमच्याकडेच पाठवली. रस फार गोड निघाला हो. कालच संपला." माझा चेहरा बघून ते घाईघाईने म्हणाले, "बसा, बसा. ब्लड प्रेशरही मोफत बघतो."

ते मात्र खरोखरच वाढलेलं निघालं. आणि या वेळी हात स्वच्छ धुतलेले होते.