फ्रिजचा सूर

"चार वाजता संगीत महोत्सवाच्या त्या बाई येणार आणि पाचच्या आत आपली निवड झालेली असणार! लिहून ठेव!" दात घासता घासता कॅप्टनने बायकोला सांगितलं.

"तूच लिही, माझे हात ओले आहेत," बायको म्हणाली आणि भांडी विसळत राहिली.

कॅप्टन कुठल्या जहाजावर वगैरे नव्हता. आठवडाभर तो विम्याच्या कचेरीत बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी 'गळकी टाकी' या बँडचा कॅप्टन असायचा. गाणारा तोच, गिटार वाजवणाराही तोच. बँडमध्ये आणखी तिघं होते. सॅक्सोफोनवाल्याचं चष्म्याचं दुकान होतं, ड्रमवाला गुरांच्या दवाखान्यात कामाला होता आणि बेस गिटार वाजवणाऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. लोकगीतं, जॅझ आणि प्रयोग यांचा संगम म्हणजे आपला बँड, असं कॅप्टन भेटेल त्याला सांगायचा. त्यातली लोकगीतं ऐकणाऱ्याला कळायची, जॅझही कळायचं. जे कळायचं नाही, तो प्रयोग.

हा सगळा संगम व्हायचा सासूबाईंच्या गॅरेजमध्ये. गेली तीन वर्षं त्या माउलीने चकार शब्द काढला नव्हता. पण गेल्या महिन्यात त्यांनी शिलाईची तीन मशिनं आणली आणि दिवाणखान्यात झाकून ठेवली. मग जावयाला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "जावईबापू, या महोत्सवात तुमची निवड झाली तर गॅरेज तुमचंच. नाही झाली तर त्याच आठवड्यापासून तिथे माझा शिवणाचा वर्ग."

शहरात दुसरं गॅरेज मिळणं अशक्य होतं. आधीच्या दोन ठिकाणांहून शेजाऱ्यांनी त्यांना अक्षरशः हाकलून दिलं होतं. म्हणजे आज निवड झाली नाही, तर बँडचा कारभार आटोपलाच!

पण कॅप्टन निर्धास्त होता, कारण त्याच्याकडे फ्रिज होता.

गॅरेजच्या कोपऱ्यात सासूबाईंचा जुना फ्रिज असायचा. तो दिवसभर 'घुंऽऽऽ' असा घुमायचा. पहिल्याच दिवशी सूर कशावर लावायचा यावरून भांडण जुंपलं, तेव्हा भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "तो काय देतोय बघा ना!" सगळ्यांनी फ्रिजवर सूर लावला आणि वाद मिटला. तो सूर जगातल्या कुठल्याही पट्टीत बसत नव्हता, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी अडकला होता. तरी तेव्हापासून त्यांची अकराच्या अकरा गाणी त्या घुमण्यावर बांधलेली होती. सॅक्सोफोनवाल्याने तर तो सूर लागायला वाद्याचं तोंड कुठवर बाहेर ओढायचं याची नेलपॉलिशने खूण करून ठेवली होती.

महोत्सवाला पाठवलेल्या नमुन्यातही फ्रिज घुमत होता. तिकडून पत्र आलं, 'खालून सतत येणारा तो गूढ स्वर फार आवडला. कोण देतं? प्रत्यक्ष ऐकायचा आहे. आमच्याकडे सगळं समोर वाजवावं लागतं, रेकॉर्ड केलेलं चालत नाही.' कॅप्टनने ऐटीत उत्तर धाडलं, 'तो आमचा पाचवा सदस्य. या आणि भेटा!'

दुपारी तीन वाजता चौघं गॅरेजमध्ये जमले. कॅप्टनने गिटारला नव्या तारा चढवल्या आणि सूर लावायला कान टवकारले.

गॅरेजमध्ये चिडीचूप!

"लाइट गेलेत का?" ड्रमवाल्याने विचारलं.

लाइट होते. फ्रिजचं दार उघडलं तर आतला दिवा लख्ख लागला. हात घातला तर गारेगार. फ्रिज उत्तम चालू होता, फक्त मुका झाला होता!

तेवढ्यात सासूबाई आल्या. आठवडाभर सर्दीने बेजार होत्या, गळ्याला मफलर गुंडाळलेला आणि घसा पार बसलेला. "कसं वाटलं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं. "सकाळीच मेकॅनिकला बोलावून दुरुस्त करून घेतला. म्हटलं, एवढ्या मोठ्या बाई तुमचं गाणं ऐकायला येणार आणि हा मेला मधे मधे घुंघुं करणार! आता बघा, आहे का आवाज?"

त्यांनी हे इतक्या मायेने केलं होतं की कॅप्टनला ओरडायचीही सोय नव्हती.

मेकॅनिकला फोन गेला. तो बिचारा हातातलं काम टाकून धावत आला. "काय झालं? आवाज करतोय का परत?"

"नाही हो, करत नाहीये!" कॅप्टन म्हणाला.

"मग?"

"तो करायला हवाय!"

मेकॅनिकने चौघांकडे एकेक करून पाहिलं. "साहेब, बावीस वर्षं मी या धंद्यात आहे. दुरुस्त केलेलं बिघडवून द्या म्हणून मला आजवर कोणी बोलावलं नाही."

"तुम्ही काढलं काय होतं?"

"कॉम्प्रेसरखालची रबरं. पार झिजली होती."

"तीच परत बसवा!"

"ती कचऱ्याच्या गाडीत गेली की सकाळीच!"

मग साडेतीनपासून खटपट सुरू झाली. मेकॅनिकने नवी रबरं काढली, तर फ्रिज खडखडायला लागला. "हा नाही, हा फार जाड आहे," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. खाली पुठ्ठा घातला, तर कुई कुई करायला लागला. "थोडा खाली आणा!" सॅक्सोफोनवाल्याने फर्मावलं. "खाली म्हणजे? फ्रिज की सूर?" मेकॅनिक घाम पुसत खेकसला. ड्रमवाला गुरांना थोपटायच्या सवयीने फ्रिजच्या पाठीवर थोपटत होता. चारला पाच मिनिटं असताना फ्रिजने एक आचका दिला आणि तो कायमचा बंद पडला.

"घ्या!" मेकॅनिक म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "चांगला चालू केला होता हो मी!"

आणि दारात महोत्सवाच्या बाई उभ्या होत्या.

त्या वही उघडून खुर्चीवर बसल्या. "करा सुरुवात. आणि तुमचे पाचवे सदस्य कुठे आहेत?"

कॅप्टनने कशीबशी एक तार छेडली. त्या पाठोपाठ बेस वाजला, मग सॅक्सोफोन. तिघांचे तीन सूर तीन दिशांना गेले. महोत्सवाच्या बाईंनी वहीत काहीतरी खोडलं. कॅप्टनच्या डोळ्यांसमोर शिलाईची तीन मशिनं उभी राहिली.

"अगं बाई, असं काय करताय?" कोपऱ्यातून सासूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "असा होता ना तो?" आणि मफलर सारखा करून त्यांनी सूर लावला, "घुंऽऽऽ..."

अगदी तोच! दोन पट्ट्यांच्या मधे अडकलेला, खरखरीत, किंचित थरथरणारा! तीन वर्षं भिंतीपलीकडे बसून ऐकलेला सूर त्या बसलेल्या घशातून जसाच्या तसा बाहेर पडला. चौघांनी पटापट वाद्यं लावली. सासूबाई स्टुलावर बसून वीस मिनिटं घुमल्या. अधूनमधून खोकल्या, पण तेही ठेक्यात! दोन्ही हात तेलाने माखलेला मेकॅनिकसुद्धा डोलायला लागला.

दोन दिवसांनी पत्र आलं. 'निवड झाली आहे. कार्यक्रम तीन आठवड्यांनी. मफलरवाल्या बाई अत्यावश्यक.'

कॅप्टनने बायकोसमोर पत्र नाचवलं. "बघितलंस? मी म्हणालो नव्हतो?"

"आईची सर्दी पण गेली," बायको म्हणाली. "औषध छान लागू पडलं."

कॅप्टनचा हात हवेतच थांबला.

तो तसाच सासुरवाडीला धावला. सासूबाई मशीन पुसत गुणगुणत होत्या, आवाज कसा स्वच्छ, मोकळा, घंटेसारखा! "आई, जरा तो घुं करा बघू," तो काकुळतीला येऊन म्हणाला. त्यांनी केला. इतका गोड लागला की त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"त्यांनाही दुरुस्त केलंस!" तो घरी येऊन बायकोवर ओरडला.

"माझी आई आहे ती! फ्रिज नाही!" बायको त्याहून मोठ्याने ओरडली.

दुसऱ्या दिवसापासून जावई रोज कचेरीतून सुटला की आइसक्रीम घेऊन सासुरवाडीला हजर व्हायला लागला. "एकट्या कसल्या खाताय? मीही घेतो ना," म्हणून सोबतीला बसायचा. वर बर्फाचं सरबत, वर पंख्याखाली गप्पा. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, "जावई कसला, पोटचा मुलगाच!" पंधरा दिवस हा पाहुणचार चालला. सासूबाईंच्या घशाला ढिम्म काही झालं नाही, उलट तो आणखी खुलला.

घसा बसला तो कॅप्टनचा. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सकाळी त्याने चहा मागायला तोंड उघडलं आणि आतून फक्त "घुंऽऽऽ" आलं.

बायको धावत आली. मग थबकली, नीट कान देऊन ऐकलं आणि तिने भूगोलाच्या बाईंना फोन लावला. "सापडला हो तुमचा सूर!"

आता गाणार कोण, हा प्रश्न तेवढा उरला होता, पण तोही उरला नाही. सासूबाईंना अकराच्या अकरा गाणी तोंडपाठ होती. "तीन वर्षं दुसरं काय ऐकलंय मी?" त्या म्हणाल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

कार्यक्रम झोकात झाला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बँडने गॅरेज राखलं आणि सासूबाईंचा शिवणाचा वर्ग पुढे ढकलला गेला, कारण आता त्यांना पुढच्या कार्यक्रमांची बोलावणी येतात. त्या दिवशीची कार्यक्रमपत्रिका बायकोने चौकटीत बसवून घरात लावली आहे. पाहुणे आले की ती मुद्दाम वाचून दाखवते.

'गायन : सासूबाई. फ्रिज : जावई.'