देवगडच्या खाली नको

"देवगडच्या खाली? आम्ही?" गोपाळराव बेहेरे खुर्चीतून ताडकन उठले. "मनू, बंद कर तो डबा!"

डबा म्हणजे कॉम्प्युटर. त्यांची इंजिनियर लेक मनस्विनी पुण्याहून सुट्टीला येताना तो घेऊन आली होती आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसली होती, त्यामुळे सगळं घर पुन्हा जमिनीवर पाट मांडून जेवत होतं. तिने बेहेऱ्यांच्या हापूसची वेबसाइट केली होती. ती लोकांना सापडावी म्हणून अमेरिकेतल्या एका हौशी मराठी गृहस्थांनी केलेल्या वेबसाइटच्या सूचीत तिचं नाव घालायचं होतं. सूचीचा नियम एकच, एका वेबसाइटला एकच वर्ग. मनस्विनीने 'फळे व भाजीपाला' उघडला, तर तिथे देवगडचा एक हापूसवाला आधीच येऊन बसलेला. नावं अक्षरांच्या क्रमाने, त्यामुळे रत्नागिरी त्याच्या खाली.

"बाबा, आंबा फळ आहे ना? मग फळांतच जाणार."

"फळ म्हणजे पेरू. चिकू. हापूस हे नुसतं फळ नव्हे."

"मग काय आहे?"

हे गोपाळरावांना नेमकं सांगता येईना, पण माघारही घेववेना. त्यांनी एकेक वर्ग वाचून घेतला. 'कला' आला, 'परंपरा' आला. 'अध्यात्म' आल्यावर ते जरा रेंगाळले.

"अहो," मालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आंबा विकायचाय की ओवाळायचाय? आधी ते ठरवा म्हणत्ये मी."

विकायचा तर होताच, आणि लवकर. यंदा वाशीच्या दलालाशी गोपाळरावांचं पार बिनसलं होतं. "या वर्षी बेहेऱ्यांची एक पेटी त्या माणसाच्या दृष्टीस पडणार नाही," असं त्यांनी वाचनालयाच्या पायरीवर चारचौघांत जाहीर केलं होतं. दलाल म्हणजे दुसऱ्याच्या घामावर बसून खाणारी जमात, हेही वर ऐकवलं होतं. आता आंबा अढीत घातलेला होता आणि गवतातला आंबा कुणाच्या मानापमानासाठी थांबत नाही. वेबसाइटने गिऱ्हाईक आणलं नाही, तर वाशीला फोन करावा लागणार होता. आणि सकाळी केलेला फोन संध्याकाळपर्यंत अख्ख्या रत्नागिरीला ठाऊक झाला असता.

शेवटी 'गावोगाव' या वर्गात 'रत्नागिरी' सापडली. तिथे एक ज्योतिषी आणि एक टायपिंगचा क्लास, एवढीच वस्ती होती.

"इथे घाल," गोपाळराव खूश झाले. "आपला पत्ता हीच आपली ओळख."

"पण बाबा, रत्नागिरीचं पान उघडणार कोण?"

"ज्यांना रत्नागिरीची किंमत आहे ते!"

इथेच घोटाळा झाला. रत्नागिरीचं पान उघडायचे ते इथलेच लोक, नाहीतर पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले इकडचे चाकरमानी. यातल्या प्रत्येकाच्या परसात, नाहीतर सासुरवाडीला, चार कलमं ठरलेली. या मंडळींना आंबा विकत घेण्याचा विचार स्वप्नातसुद्धा शिवत नाही.

पहिला फोन आला तेव्हा गोपाळराव चूळ भरत होते. तसेच धावले.

"हापूसवाले बेहेरे ना? मी दीपक, डोंबिवलीवरून बोलतोय. आंबा बघताय तुम्ही?"

"बघताय म्हणजे! अहो, घर भरलंय! किती पेट्या पाठवू?"

"नाय नाय, तुम्ही नका पाठवू. आमीच पाठवतो. आमच्या आप्पांची बाग हाय ना आंजर्ल्याला. तुमची वेबसाइट बघितली, म्हटलं आपल्याच गावचा माणूस दिसतोय, उचलेल आपला माल."

"अहो, माझाच पडून आहे!"

"मस्करी करता काय राव! नमुन्याला दोन पेट्या टाकतो एस.टी.त."

नमुना खरोखर आला. मग दाभोळच्या हौसाबाईंचा आला. मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवाल्याने तर सासऱ्याचा आंबा टेम्पोत घालून दारातच आणून उतरवला, वर ताजे बांगडे देऊ लागला. बेहेऱ्यांच्या घरात बांगडा चालत नव्हता. बांगडे परत गेले, आंबा राहिला. दारात आलेला आंबा माघारी धाडायचा म्हणजे माणूस तोडायचा, आणि ते गोपाळरावांना जमणारं नव्हतं. पडवी भरली, माजघर भरलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही आणि स्वतःच्या आंब्याचं एक गिऱ्हाईक नाही.

"मी आता आंबापोळी घालून घालून तशीच वाळून जात्ये," मालिनीबाई कडाडल्या. "करा वाशीला फोन!"

"मेलो तरी करणार नाही!"

"मग बाबा, हे सगळंच विकूया," मनस्विनी म्हणाली.

"विकूया. पण ज्याचा आंबा त्याच्या गावाच्या नावाने. दुसऱ्याचा माल बेहेऱ्यांचा म्हणून खपवणं माझ्याच्याने होणार नाही."

मनस्विनीने वेबसाइटवर गावांची नावं घातली आणि चमत्कार झाला. ज्यांच्या घरची कलमं कधीच हातची गेली होती, ते गावाचं नाव शोधत येऊ लागले. ठाण्याहून एका बाईंचा फोन आला, "आंजर्ल्याचाच आहे ना नक्की? माझं आजोळ हो ते." गिरगावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मरण्याआधी दाभोळचाच आंबा खायचा होता आणि पाच पेट्या हव्या होत्या. बोरिवलीच्या एका रत्नागिरीकराने बेहेऱ्यांचा माल उचलला, शेजाऱ्यांनाही सांगितलं. अढ्या रिकाम्या होऊ लागल्या. गोपाळरावांची छाती फुगली. मालिनीबाईंच्या पेट्या भरण्याच्या खटाटोपाचे म्हणून पेटीमागे थोडे पैसे ठेवून घ्यायला कुणाची ना नव्हती.

दीपकचा पुन्हा फोन आला. "काका, आप्पा विचारतायत, या खेपेला भाव जरा कमीच लावलात काय?"

"उठाव कमी आहे रे," गोपाळराव सहज बोलून गेले. "त्यात तुमचा माल आला उशिरा."

हे ऐकून मालिनीबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

एका सकाळी मनस्विनीने ई-मेल उघडली. इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन लागत नसे, म्हणून ती घाईने वाचत होती. अमेरिकेतल्या गृहस्थांनी कळवलं होतं, 'आपली वेबसाइट पुन्हा पाहिली. आता तिची योग्य जागा लक्षात आली. तिला "दलाल व अडते" या वर्गात हलवले आहे.'

"दलाल?" गोपाळराव लालबुंद झाले. "मला? बेहेऱ्यांना? हरकत घे! आत्ता!"

"हरकत असल्यास आपला व्यवसाय एका वाक्यात लिहा, म्हणतायत."

"लिही." ते येरझारा घालू लागले. "ठिकठिकाणचे बागायतदार विश्वासाने आपला आंबा आमच्याकडे पाठवतात. तो आम्ही मुंबईच्या गिऱ्हाइकांना पोचता करतो. आणि मधल्या मधे, आमच्या कष्टांचे म्हणून, थोडेसे..."

गोपाळराव थांबले.

"थोडेसे काय, बाबा?"

मालिनीबाई उलथनं हातात घेऊन दारात उभ्या होत्या. कॉम्प्युटर नुसता गुणगुणत होता. गोपाळरावांनी पडद्यावरचं स्वतःचं वाक्य एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हरकत राहू दे," ते म्हणाले. "आणि तो इंटरनेट बंद कर आधी. लोकांचे फोन यायचे असतील."