पडून पडून मोठा झालेला मेंढा

एका जंगलात, मुलांनो, उत्तरेच्या पार टोकाला, स्कॉटवन नावाचा थंडगार डोंगराळ भाग होता. तिथे बारा महिने भुरभुर पाऊस. प्राणी चौकड्यांच्या शाली पांघरून बसत आणि एकमेकांशी फारसं बोलत नसत. बोलले की भांडण होई.

जंगलाचा राजा सिंह राहायचा लांब दक्षिणेला. स्कॉटवनाच्या कुरबुरींनी त्याचं डोकं उठलं. एक दिवस तो म्हणाला, "घ्या तुमची वेगळी सभा. गवत, झरे, शाळा, बोटी, सगळं तुम्हीच बघा. दात आणि नखं तेवढी माझ्याकडे राहतील." प्राण्यांनी दिवसभर नाच केला. दातांचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

या सभेला दोन दारं होती. निवडून आलेल्यांनी पुढच्या दाराने यायचं. पण कुठला कळप रुसू नये म्हणून काही जागा कळपांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या जागांवर कळपाचा म्होरक्या आपल्या मर्जीतले प्राणी मागच्या दाराने आत सोडी. निवडणुकीत आपटलेला असला तरी चाले. हसू नका. मोठ्यांनी विचार करून केलेली गोष्ट आहे ती.

आता आपला फर्गस. फर्गस मेंढा दिसायला रुबाबदार, शिंगं वळणदार, आवाज तर असा की तो बोलायला लागला की आपलं काम झालंच असं समोरच्याला वाटे. तळ्यातल्या बेटावरून तो निवडणुकीला उभा राहिला.

बेटावर मोरागमावशी नावाची मेंढी राहायची. तिचा मोठा गोतावळा होता. हिवाळ्यात बेटावरचं गवत बर्फाखाली जाई. मग सगळ्यांना तळं ओलांडून पलीकडच्या कुरणात जावं लागे. त्यासाठी एक जुना तराफा होता आणि तो कुजत चालला होता.

"मावशी, मला निवडून द्या. नवी बोट आणतो," फर्गस म्हणाला.

"कधी?"

"थंडीच्या आत."

मावशीने विश्वास ठेवला. फर्गस निवडून आला आणि पुढच्या दाराने ऐटीत आत गेला. पण पुढच्या दाराचा एक जाचक नियम होता. जिंकलेल्याने दर शनिवारी आपल्या भागात जाऊन झाडाखाली बसायचं आणि सूर्य मावळेपर्यंत लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. फर्गस तराफ्यावरून खूर भिजवत यायचा. गाऱ्हाणं एकच असायचं.

"बोटीचं काय झालं?"

"विचार चालू आहे, मावशी."

तसा तो खरोखरच चालू होता. बोटीच्या पुढच्या टोकासाठी एक समिती होती आणि मागच्या टोकासाठी दुसरी. दोन्ही समित्यांचं आपसांत पटत नव्हतं.

शेवटी तराफा बुडाला. निवडणूक आली. बेटाने फर्गसला सपाटून पाडलं आणि अंगस बदकाला निवडून दिलं. फर्गस रडत कळपाचा म्होरक्या आणि सभेचा प्रमुख असलेल्या सांबराकडे गेला. आता खाणार काय, घरी तोंड कसं दाखवणार?

"वेड्या, रडतोस काय? मागचं दार कशाला ठेवलंय?" सांबर म्हणाला.

फर्गस मागच्या दाराने आत गेला आणि बघतो तर काय, खुर्ची तीच, चारा तोच. शनिवार नाही, झाड नाही, मावशी नाही. खूश ठेवायचं ते एकट्या सांबराला. आपण आजवर उगाच जिंकत होतो, असं त्याला मनापासून वाटलं.

तिकडे अंगस बदक शनिवारी झाडाखाली बसून मान डोलवायचं. पण त्याला पोहता येत होतं. लोकांना बोट कशाला हवी, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या हिवाळ्यात मोरागमावशीचं धाकटं कोकरू गेलं. बाकीचे झाडाची साल खाऊन तगले.  मावशी रोज काठावर जाऊन पलीकडे बघत बसायची.

पुढच्या निवडणुकीतही फर्गस पडला. त्याच्या पुढच्याही. प्रचारापुरता कळपाचा झिपऱ्या बैल त्याला पाठीवर बसवून पोहत बेटावर नेई, भाषण झालं की परत आणी. दर वेळी तो पडे आणि दर वेळी एक पायरी वर चढे. शेवटी तर तो बोटमंत्री झाला.

ही बातमी कळली तेव्हा मावशीने सगळ्यांना झाडाखाली बोलावलं.

"आपण याला पाडतो आणि हा वर जातो. चूक आपलीच आहे," ती म्हणाली. "यंदा याला निवडून देऊ."

"वहिनी, बरं आहे ना तुम्हाला?" तिच्या दिराने विचारलं.

"बरी आहे. निवडून दिलं की यावं लागेल त्याला इथे. बसू दे जरा आपल्याबरोबर थंडीत."

बेटाची झाडून सगळी मतं फर्गसला पडली. निकाल ऐकून त्याने चारा अर्धवट टाकला. तो धावत सांबराकडे गेला.

"महाराज, घात झाला. मी निवडून आलो."

"अरेरे," सांबर म्हणाला. "आता नियमाप्रमाणे वागायला हवं."

शनिवारी झिपऱ्या बैलाने त्याला बेटावर उतरवलं.

"न्यायला कधी येतोस?" फर्गसने विचारलं.

"मी पडलेल्यांना नेतो. जिंकलेल्यांनी आपलं आपण बघायचं," म्हणत बैल पाण्यात शिरला.

रात्री बर्फ पडलं. सकाळी फर्गसने सालीचा पहिला घास घेतला आणि लगेच बगळ्याच्या हाती सभेला हुकूम धाडला. बोटमंत्री अडकलाय म्हटल्यावर दोन्ही समित्यांचं एका दुपारीत पटलं. आठवड्याच्या आत बोट काठाला लागली.

सगळा गोतावळा बोटीत चढला. फर्गसही पाय टाकणार, तेवढ्यात मावशी म्हणाली, "आज शनिवार ना, दादा? तुम्हाला सूर्य मावळेपर्यंत झाडाखाली बसायला हवं."

"पण गाऱ्हाणी सांगायला इथे कोण उरणार?"

"नियम तुमचाच आहे. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

बोट हलली. फर्गस काठावरून ओरडला, "मावशी, बोट परत कधी पाठवता?"

मावशीने वळूनही पाहिलं नाही. "विचार चालू आहे," ती म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, बरी खोड मोडली, संपली गोष्ट. मलाही तसंच वाटलं होतं. पण थांबा.

फर्गसने साल खात दिवस काढले, बगळाही पुन्हा फिरकला नाही. मग निवडणूक आली. बगळा मतपेटी घेऊन बेटावर उतरला. उमेदवार दोन, फर्गस आणि अंगस बदक. गोतावळा पलीकडेच राहिलेला, म्हणून मतदार एकटा फर्गस.

त्याने मतपेटीकडे पाहिलं. मग पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे झिपऱ्या बैल निकालाची वाट बघत उभा होता. फर्गसने क्षणभर डोळे मिटले आणि बदकाला मत दिलं.

मोजणी लगेच आटोपली. फर्गस एकही मत न मिळता पडला. इतका साफ पडलेला प्राणी स्कॉटवनात आजवर झाला नव्हता. बैल पोहत आला आणि त्याला सन्मानाने घेऊन गेला. सभेचं मागचं दार फुलांनी सजवलं होतं. सांबराने आपल्या जागेवरून उठून त्याला तिथे बसवलं. आजही तोच सभेचा प्रमुख आहे आणि दर थंडीत विश्वास या विषयावर सुंदर भाषण करतो.

तात्पर्य : लोकांचा विश्वास गमावून फार तर मंत्रिपद मिळतं. त्याच्याही वर जायचं असेल, तर मुलांनो, आपला स्वतःवरचा विश्वासही उडावा लागतो.