कुंदा भेकर आणि कायमचं फुकट साधन

एका जंगलातलं तळं आटत चाललं होतं.

आता मुलांनो, तळं आटलं की प्राणी काय करतात? उठतात आणि दुसरं पाणी शोधतात. पण ते मागासलेल्या जंगलात. या जंगलात टेकडीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता आणि सिंहमहाराज नुकतेच एका शिबिराला जाऊन आले होते.

"कुठे जायचं ते मी ठरवणार नाही," महाराज म्हणाले. "नदीकाठी की डोंगरापलीकडच्या तलावावर, हे प्रजेनं सांगावं. ऑनलाइन सर्वेक्षण घ्या. फुकटात."

तेवढ्यात कुंदाला ठसका लागला. महाराजांना वाटलं, तिनं होकार दिला, आणि काम तिच्या गळ्यात पडलं.

कुंदा भेकर होती. भेकर म्हणजे लहानखुरं, बुजरं हरीण. तिचं पाडस रोज चिखल चाटून घरी येत होतं, त्यामुळे तिला घाईही होती.

पहिलं साधन घुबडानं सुचवलं. दिसायला देखणं. कुंदानं प्रश्न लिहिले, वर फुलांची नक्षी निवडली. दहा उत्तरं आली आणि पाटी झळकली: 'पुढच्या उत्तरांसाठी वर्गणी भरा.' दहाही उत्तरं एकाच वारुळातल्या मुंग्यांची होती.

दुसरं साधन माकडांचं. त्यात उत्तरं कितीही घ्या, पण प्रत्येक प्रश्नानंतर केळ्यांची जाहिरात. हत्ती दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचला, मग केळी शोधायला निघून गेला.

तळ्यात आता बेडूकही उभे दिसायला लागले.

मग दामूअण्णा कोल्हा आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी मऊ.

"कुंदाताई, आमचं साधन कायमचं फुकट. उत्तरांना मर्यादा नाही. जाहिरात नाही."

"मग तुमचं पोट कशावर चालतं, अण्णा?"

"सेवेवर," दामूअण्णा नजर खाली वळवून म्हणाला.

कुंदाला ते काही पटलं नाही. पण पाडसाची जीभ कोरडी पडली होती. अटी लांबलचक होत्या आणि त्यांच्याखालचं 'मान्य' हे बटण कोवळ्या गवतासारखं हिरवं होतं. तिनं ते दाबलं.

या साधनात काही प्रश्न आधीच घातलेले होते. वजन किती? झोपता कुठे? पळताना कोणता पाय दुखतो?

"याचा पाण्याशी काय संबंध?" कुंदानं विचारलं.

"त्यानं सर्वेक्षण शास्त्रीय होतं, ताई."

प्राणी मात्र खूश झाले. आजवर त्यांच्या पायांची चौकशी कुणी केली नव्हती. कुंदाची शेजारीण भागाबाई सशीण आधी टाळत होती. कुंदानंच तिला दोनदा आठवण करून दिली. मग भागाबाईनं सविस्तर लिहिलं: 'करवंदीच्या जाळीत, उजव्या अंगाला. मागचा डावा पाय थंडीत धरतो. विचारपूस केल्याबद्दल आभार.'

थोड्याच दिवसांत भागाबाई दिसेनाशी झाली. करवंदीच्या जाळीत, उजव्या अंगाला, नुसते पांढरे केस पडले होते.

मग एक म्हातारं रानडुक्कर गेलं. मग लंगडं सांबर. बिबट्या आता शिकारीला हिंडत नव्हता. पत्ता बघून जात होता.

कुंदा तडक कोल्ह्याकडे गेली. "माझ्या शेजारणीचा पत्ता बिबट्याला कसा कळला?"

"ते आमचे भागीदार आहेत. अटींमध्ये आहे, ताई. तुम्हीच मान्य केलंत."

"काढून टाका ती सगळी माहिती. आत्ताच्या आत्ता!"

"जरूर. त्यासाठी एक छोटा अर्ज आहे. त्यात फक्त सध्याचा पत्ता लिहा."

कुंदानं अर्ज भरला नाही. ती उंच खडकावर चढली आणि ओरडली. भेकर भ्यायलं की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि ते पार दूरवर ऐकू जातं. त्या दिवशी कुंदा घसा फुटेपर्यंत भुंकली.

"लिहून दिलेल्या जागी कुणी थांबू नका! निघा! बिबट्याकडे सगळ्यांचे पत्ते आहेत!"

सगळे निघाले. नदी की तलाव, हे कुणी कुणाला विचारलं नाही. नदीच्या वाटेवर बिबट्या बसलेला दिसला, म्हणून सगळ्यांनी डोंगर ओलांडला.

पलीकडे तलाव भरलेला होता. पाडस पोट टम्म होईतो पाणी प्यायलं. कुंदानंही तोंड लावलं, पण भागाबाई आठवली आणि ती काठावरून मागे सरली.

संध्याकाळी महाराज निकाल घेऊन आले. बहुतेकांनी 'सांगता येत नाही' हा पर्याय निवडला होता.

"पण तरीही सगळी प्रजा एकाच दिशेला आली," महाराज गहिवरून म्हणाले. "इतकं स्पष्ट मत आजवर कुठल्याच सर्वेक्षणात मिळालं नव्हतं." दामूअण्णाला शाल मिळाली. मग महाराज कुंदाकडे वळले. "आता एक लहानसं सर्वेक्षण घेऊन टाका. तलाव आवडला का?"

कुंदानं मोबाइल तलावात सोडला, आणि पाडसाला पुढे घालून झाडीत निघून गेली. कुठे, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

महाराजांनी तिच्या नावापुढे लिहिलं: 'प्रतिसाद नाही.'

तात्पर्य: प्रजेचं मत जाणून घ्यायचं असेल, तर चांगलं साधन शोधत बसू नये. सगळ्यांचे पत्ते बिबट्याला द्यावेत. ज्यांना मत असतं ते आपोआप चालू लागतात, आणि बाकीच्यांचं मोजावं लागत नाही.