सी-चौदामधले हे

कुमुदिनीबाई गेल्याची बातमी मयूर विहारच्या मराठी मंडळात सकाळी नऊपर्यंत पोहोचली, आणि संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ऑर्कुटवरच्या पानावर त्रेसष्ट जणांनी श्रद्धांजली लिहिली. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अशात पद्माकरांनी सुनेला, रेवतीला, बाजूला बोलावून हळूच विचारलं, "त्या निनावी माणसाने काही लिहिलंय का बघ."

रेवती रडून सुजलेल्या डोळ्यांनी सासऱ्यांकडे बघत राहिली. "नाही, बाबा."

"दोन ओळीसुद्धा नाहीत?"

"नाहीत."

"बघितलंस? आठ महिने माझ्या नावाने खडे फोडले, आणि आज एक ओळ सुचत नाही. सोडणार नाही मी त्याला. कार्य आटपू दे, कान धरून उभा करतो."

मंडळाच्या त्या पानावर नाव न देता लिहायची सोय होती. तिथे कोणीतरी मंडळातल्या सगळ्यांचीच थोडी थोडी हजेरी घ्यायचं, पण सी-चौदा नंबरच्या घरातल्या पद्माकरांवर त्याचा विशेष लोभ होता. पद्माकर स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नसत. केंद्र सरकारच्या नोकरीत पस्तीस वर्षं फायलींवर काढली होती, आणि जी गोष्ट फायलीत लावता येत नाही तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कुमुदिनीबाई मात्र मंडळाच्या महिलांच्या वर्गात कॉम्प्युटर शिकल्या होत्या. दुपारी चारच्या चहाला त्या पानावरचं नवऱ्याला वाचून दाखवायच्या.

"ऐका. आज लिहिलंय, सी-चौदामधले गृहस्थ गणपतीत माईक हातात आला की सोडत नाहीत. चाळीस मिनिटं अहवाल वाचला, तोवर मोदक गार झाले."

"कोण आहे हा?"

"नाव कुठे असतं? जाऊ द्या हो. पण मोदक गार झाले होते खरे."

पुढच्या आठवड्यात, सी-चौदामधले गृहस्थ दुसऱ्यांच्या मुलांचं मराठी तपासतात, आणि स्वतः इतकी वर्षं दिल्लीत राहून भाजीवाल्याला विचारतात, भैया, ये काकडी कडू तो नहीं ना? त्याच्या पुढच्या आठवड्यात, जेवणाला कधी छान म्हणत नाहीत, फार झालं तर ठीक आहे म्हणतात.

पद्माकर संध्याकाळभर धुमसायचे. पण दिवाळीत त्यांचा अहवाल बारा मिनिटांत संपला. काकडी त्यांनी 'कड़वी' आहे का म्हणून विचारली. आणि एकदा अळूची भाजी खाऊन "बरी झालीय" असं इतक्या हळू आवाजात म्हणाले की कुमुदिनीबाईंनी तीनदा "काय म्हणालात?" विचारलं.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी पद्माकरांनी नवी फाईल उघडली. मजकूर त्यांना तोंडपाठच होता. मुलाकडून, जयदीपकडून, फक्त तारखा आणि वेळा उतरवून घेतल्या. "बाबा, राहू द्या ना आता," जयदीप म्हणाला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता. आपला मुलगा कटकटीला घाबरतो हे पद्माकरांना ठाऊकच होतं.

त्या रविवारी मंडळाची सभा होती. पहिला विषय कुमुदिनीबाईंना श्रद्धांजली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि बसले. पद्माकर तेवढे उभेच राहिले.

"अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचा विषय," ते म्हणाले, आणि अध्यक्ष शांताराम काही बोलायच्या आत त्यांनी फाईल उघडली. "मुद्दा एक. माझ्यावरची सगळी टीका दुपारी दोन ते चारमध्ये झालेली आहे. त्या वेळी मी झोपलेला असतो. म्हणजे लिहिणाऱ्याला माझी झोपायची वेळ माहीत आहे. मुद्दा दोन. माझा तपकिरी स्वेटर कोपरावर दोनदा रफू केलाय, तेही त्याला माहीत आहे. मुद्दा तीन. आमच्या घरी ही घटना घडली, त्या दिवसापासून टीका एकदम बंद आहे."

मागे कोणीतरी खोकलं. शांताराम म्हणाले, "पद्माकरराव, खाली बसा. आधी चहा घेऊ."

"चहा नंतर. यावरून काय सिद्ध होतं?"

सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं दिसत होतं की काय सिद्ध होतं ते त्यांना चांगलंच कळलंय. पण पद्माकर पुढे निघाले होते.

"सिद्ध हे होतं, की त्या दिवसापासून त्या माणसाला लिहायला सवड मिळालेली नाही. का? कारण तो दिवसभर माझ्या घरी होता. सतरंज्या घालत होता, भटजींना फोन करत होता, माझा स्वेटर जवळून बघत होता. श्रीरंग, ऊठ."

श्रीरंग आणि पद्माकर नोकरीला लागले तेव्हा पहाडगंजात एका खोलीत राहिले होते. एकाच्या आजारपणात दुसऱ्याने खिचडी केली होती. श्रीरंगने बायकोकडे, वृंदाकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला होता. मग त्याने पद्माकरांकडे बघितलं आणि तो उभा राहिला.

"हो. मीच लिहायचो."

"बघा."

"चुकलं माझं."

"तोंडी चालणार नाही. लेखी पाहिजे."

"देतो."

"मराठीत. आणि इतिवृत्तात नोंद व्हायला हवी."

"घे रे शांताराम लिहून," श्रीरंग म्हणाला.

त्या दिवशी पद्माकर दोन पोळ्या जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी फाईल बंद करायची म्हणून त्यांनी अकरा वर्षांच्या नातीला, अश्लेषाला, कॉम्प्युटरसमोर बसवलं. माफीनामा आला होता, मूळ मजकुराची प्रत तेवढी जोडायची होती.

"आजोबा, ये तो मराठी है, पर इंग्लिश अक्षरों में. सी-फोर्टीन मधले ही... ये 'ही' कौन?"

"ही नाही, गृहस्थ. नीट वाच."

"गृहस्थ कुठेच नाहीये. एच, ई. ही. बाकी सबका नाम लिखा है, शांताराम काका, वृंदा काकू. तुमचंच नाव नाही. प्रत्येक वेळी एच, ई."

पद्माकर चष्मा लावून वाकले. एच, ई. ते 'ही' नव्हतं. 'हे' होतं.

कुमुदिनीबाईंनी लग्नात उखाण्यात एकदा त्यांचं नाव घेतलं, त्यानंतर छत्तीस वर्षांत नाही. जनगणनेवाला आला की त्या रेशनकार्ड पुढे करायच्या. हॉस्पिटलात नर्सने नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी नुसतं बोट दाखवलं होतं. आणि पाठीमागे लिहितानाही त्यांनी नाव घेतलं नव्हतं. 'हे' लिहायच्या आणि चहाला 'गृहस्थ' वाचायच्या.

"शेवटचं वाचू?" अश्लेषाने विचारलं. शेवटचं कुमुदिनीबाई आजारी पडल्यानंतरचं होतं. ते त्यांनी वाचून दाखवलं नव्हतं.

"सी-चौदामधले हे आता स्वतः चहा करतात. साखर जास्त पडते. पण करतात."

पद्माकरांनी श्रीरंगला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या मुलाला, सुनेला, वृंदाला. एक तू सोडून."

"मग कबूल कशाला केलंस?"

"पंधरा दिवसांत पहिल्यांदा तू तावातावाने बोलत होतास. म्हटलं, आता खरं सांगितलं तर हा खाली बसेल तो उठायचा नाही. एक सहीच तर करायची होती."

"म्हणजे तू सभेत खोटं लिहून दिलंस. इतिवृत्तात."

"हो बाबा, हो. उघड आणखी एक फाईल."

"पुढच्या सभेत मी दुरुस्ती मांडणार."

"राहू दे रे. माझं काय बिघडलंय?"

पण इतिवृत्तात चूक राहू देणं पद्माकरांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी लगेच कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर टीका श्री. श्रीरंग यांनी केलेली नसून ती'. पुढे नाव लिहायचं होतं. नावाच्या आधी कै. लिहायचं, की कै. सौ., हे त्यांना ठरवता येईना. दोन्हीपैकी काहीच त्यांनी अजून कुमुदिनीच्या नावाआधी लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मंडळाच्या दोन सभा झाल्या. अर्ज अजून अर्धाच आहे, आणि इतिवृत्तात श्रीरंगचं नाव अजून तसंच आहे.