उपाशी माशांचा दासोह

"ह्या बारक्या माशा काय खायलेत गं?" लिंगम्मानं भाकरी थापता थापता विचारलं.

"काहीच न्हाई, अव्वा. आज त्यांला उपाशीच ठेवायचंय."

हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. लिंगम्माची लेक विजयश्री कीटकांवर पीएचडी करत होती आणि सुट्टीला भालकीत येताना फळमाशांच्या नळ्याही घेऊन आली होती. माशांना कुठली सुट्टी!

"अंगात प्रथिनं बनायची सुरुवात काही जनुकं करून देतात, अव्वा. पोट रिकामं झालं की एक प्रथिन आडवं येऊन ती सुरुवातच अडवतंय. किती अडवतंय ते बघायचंय मला. संध्याकाळपतुर ह्यांच्या पोटात कण गेला, तर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात!"

"उपाशीपोटी कोण काम सुरू करतंय? ह्याला पीएचडी कामून लागतीय?" लिंगम्मा कडाडली. "दासोहाचं घर हाय हे, दारी आलेल्याला जेवू घालणारं. त्या जेवल्याबिगर मी जेवणार न्हाई!"

बायको जेवेना म्हणून शिवशंकरप्पांनीही भरल्या वांग्याचं ताट बाजूला सारलं. सारताना जीव अगदी कासावीस झाला बिचाऱ्यांचा.

नजरेआड झालं की अव्वा विसरेल, असा विचार करून विजयश्रीनं नळ्या शेजारच्या राजूबाईंकडे ठेवायला नेल्या. "मावशी, फकस्त खायला घालू नका."

"माझ्या घरी पाव्हणे, अन् उपाशी? अब्रू घालवतीस का माझी?" म्हणत राजूबाई केळं सोलायलाच लागल्या. विजयश्री नळ्या छातीशी धरून घराकडे पळाली.

घरी अव्वा भिंतीला टेकून बसलेली, अप्पा वांग्याकडे बघत बसलेले. दुपार कलली, तरी कुणी ताटाला हात लावेना. शेवटी विजयश्रीचाच धीर सुटला. डोळे पुसत तिनं स्वतःच्या हातानं नळ्यांत केळं घातलं. माशा तुटून पडल्या आणि अप्पाही.

आता सरांना सांगायचं कसं? पीएचडीचे गाइड मल्लप्पा सर म्हणजे जमदग्नी! तिनं फोन लावला.

"सर... उपाशी माशा जेवल्या."

 सरांनी हळूच विचारलं, "अव्वानं घातलं?"

"व्हय सर... म्हंजे, शेवटी मीच."

"रडू नको. ह्याच माशांची एक नळी मी इथं जपून ठेवलीय. तू गावी निघालीस तवाच वळखलं होतं मी. मी बी तुमच्याच भागातल्या हळ्ळीखेडचा हाय, पोरी. माझ्या माशांला माझ्या अव्वानं पुरणाची होळगी चारली होती, वरून तूप. उपाशी माशांचा प्रयोग कराया मला जर्मनीला जावं लागलं!"