बाईसाहेबांच्या उजव्या हाताची आणि मुक्या दिव्याची हकीकत

श्री. चौकाचौकांच्या देवतांस वंदन करून, घडले तितकेच लिहिले ते ऐसे जे: शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध दशमी, मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मंडईच्या चौकात स्वारी उजवीकडे वळत असता एका टेंपोचा आरसा कुमुदिनीबाईसाहेबांच्या हातास लागला आणि तीन बांगड्या फुटल्या. रक्त आले नाही. राज्य दोन चाकांचे, म्हणजे एका स्कूटरचे, तिचे वय वर्षे बावीस. हँडल दिगंबररावांचे हाती आणि मागील आसनी त्यांचे कुटुंब बाईसाहेब. रिवाज असा की वळतेसमयी रावांनी बटण दाबावे, मागील दिव्याने लुकलुकून वर्दी द्यावी. परंतु दिवा नुसता लागून टक लावून बसे, आणि मग रावांनी न सांगताच बाईसाहेब हात बाहेर काढीत, आणि मागचे जग थांबे, आणि राव वळत.

घरी येताच बाईसाहेब बोलिल्या, "दिवा लुकलुकेल तेव्हाच मी मागे बसेन." राव म्हणाले, "अगं, शुक्रवारी तुझ्या भाचीचा साखरपुडा!" "मी जाईन रिक्षाने. तुम्ही या मागून, दिवा मिरवत." हे ऐकून रावांचे तोंड उतरले. बावीस वर्षांत उभयता कोणत्याही कार्यास वेगवेगळे गेले नव्हते. निघताना "बसलीस?" म्हणून पुसावे आणि मागून "चला" ऐकावे, त्याखेरीज किक मारावयास त्यांचा पाय उठत नसे.

मग पार्किंगात दरबार भरला. निवृत्त अभियंते चौबळ यांनी दुरूनच निदान केले की बॅटरी उतरली. सोसायटीचे सेक्रेटरी दातीर बोलिले, "दिवेच म्हातारे झालेत, काका. एलईडी टाका, लांबून दिसतं." राज्यात लांबून दिसणारा उपाय आधी मंजूर होतो, त्याप्रमाणे बुधवारी नवे दिवे बसले आणि मंडळी जमली आणि रावांनी बटण दाबले आणि आजवर मंद उजेडात गप्प असलेले दिवे लख्ख उजेडात गप्प जाहले. "उजेड तर बघा!" म्हणत दातीरांनी टाळ्या वाजविल्या. गॅलरीतून बाईसाहेबांनी पुसले, "लुकलुकतंय का?" त्यावर दातीरांनी आणखी जोराने टाळ्या वाजविल्या.

गुरुवारी दहा वाजता लतीफ मिस्त्री यांस पाचारण झाले. त्यांनी बाजूचे कव्हर काढून, काडेपेटीएवढी डबी वायरींतून उपटून रावांच्या तळहातावर ठेविली. "हा रिले. दिव्याची उघडझाप हाच करतो. हा मेलाय साहेब, दिव्यांचा काय गुन्हा?"

"कधी मेला?"

"आतून पार गंजलाय. सहा वर्षं तरी झाली."

"सहा वर्षं? मग आम्ही वळत कसे होतो?"

मिस्त्री हसले. "भाभी हात काढतात ना. सगळ्या मंडईला ठाऊक आहे."

 चौकात लोक आपल्या स्वारीस वाट देतात ते आपल्या चालविण्याच्या रुबाबाने, ऐसे राव सहा वर्षे समजून होते. मग मिस्त्रींनी नव्या दिव्यांस जुमानणारा नवा रिले आणिला, दोन वायरी जोडिल्या, काही झाले नाही. त्याच वायरी उलट जोडिल्या, आणि टिक टिक सुरू जाहली. एकूण अकरा मिनिटे लागली. एलईडीचा गुण अखेर आला, असे दातीरांनी जाहीर केले. बॅटरीस विश्रांती मिळाली, असे चौबळ म्हणाले. दोघांचेही अभिनंदन झाले.

शुक्रवारी साडेचार वाजता बाईसाहेब नारायणपेठी नेसून, नव्या बांगड्या भरून गाडीमागे उभ्या राहिल्या आणि डावीकडचे दहा आणि उजवीकडचे दहा लुकलुकाट त्यांनी मोजून घेतले. "बसलीस?" "चला." मागून हे ऐकून रावांचा जीव भांड्यात पडला. मंडईच्या चौकात त्यांनी उजवे बटण दाबले, दिवा नेमाने लुकलुकू लागला, आणि मागून कोणी थांबेना. कारण सारा चौक सहा वर्षांच्या सवयीने बाईसाहेबांच्या हाताकडे पाहत होता, आणि दोन्ही हात आहेराच्या पिशवीवर होते.

"बटण दाबलंय हं मी," राव म्हणाले.

"ऐकू येतंय."

"थांबत नाहीये कुणी."

"मग?"

"मग काही नाही."

पुढले शब्द रावांच्या ओठांशी आले. सहा वर्षांत ते कधी बोलावे लागले नव्हते, आणि आता बोलवत नव्हते.

तात्पर्य, दिवा दुरुस्त आहे. साखरपुडा पाचचा. हे लिहीपावेतो पाचास आठ मिनिटे कमी असून स्वारी चौकाच्या मध्यभागी उभी आहे, टिक टिक चालू आहे, आणि बाईसाहेबांनी पिशवी आता एकट्या डाव्या हातात घेतली आहे.